उंदरांची यकृतं आणि माझं मत

आमच्या फार्मसी महाविद्यालयात एम. फार्म.च्या मुलांना प्रबंधाचा विषय सुचेनासा झाला की एक हमखास वाट होती. एखादी वनस्पती निवडायची, शक्यतो गावाकडची, जिच्यावर फारसं कुणी काही छापलेलं नाही अशी. पानं सावलीत वाळवायची, भुकटी करायची, सॉक्सलेटमध्ये इथॅनॉल घालून अर्क काढायचा. मग पांढऱ्या विस्टार उंदरांचे गट पाडायचे. एका गटाला नुसतं पाणी. एका गटाला पॅरासिटामॉलचा जबर डोस, नाहीतर कार्बन टेट्राक्लोराइड. एका गटाला त्या विषाआधी काही दिवस सिलिमारिन हे मानक औषध, आणि उरलेल्यांना तितकेच दिवस आपला अर्क, कमी मात्रेत आणि जास्त मात्रेत. शेवटी रक्त काढून एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन मोजायचं, यकृताचे काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. नुसतं विष दिलेल्यांचं एसजीपीटी आभाळाला भिडलेलं असायचं, अर्कवाल्यांचं त्यापेक्षा पुष्कळ खाली. तक्त्यातल्या आकड्यांवर संख्याशास्त्राच्या चांदण्या लागायच्या. प्रबंध तयार, शोधनिबंध तयार, मुलगा नोकरीला.

असे प्रबंध मी बरेच करून घेतले. त्यात माझ्या आवडीची झाडं होती, मुलांच्या आज्यांनी सांगितलेली होती, एकदोन तर नुसती बांधावर दिसली म्हणून उचललेली होती. अर्क निकामी ठरला, असा प्रबंध मात्र मला एकही आठवत नाही. आणि त्याचं तेव्हा मला काही विशेष वाटलंही नव्हतं.

वाटायला हवं होतं. बांधावरचं कुठलंही झाड उचलावं आणि त्याने यकृत वाचवावं, इतका निसर्ग उदार नसतो. पण मी ज्या पिढीत शिकले, तिच्या मनात वनौषधींबद्दल संशय नव्हता, अभिमान होता, आणि तो उगाच नव्हता. सर्पगंधेची गोष्ट आम्हाला तोंडपाठ होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेच्या रक्तदाबावरच्या परिणामाबद्दल लिहिलं, तेव्हा पाश्चात्त्य डॉक्टरांना ती मुळी नीटशी ठाऊकही नव्हती. तीनच वर्षांत स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पीन वेगळं काढलं गेलं आणि जगभर रक्तदाबाच्या रुग्णांना ते मिळू लागलं. एका झाडाने हे केलं, तर दुसरं का करणार नाही?

दुसरं झाड म्हणून आमच्यासमोर गुग्गुळ होता. कच्छ-राजस्थानच्या रुक्ष भूमीत वाढणारं काटेरी झुडूप. सालीला चीर दिली की डिंक पाझरतो, तो गुग्गुळ. सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाच्या वर्णनावरून जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर प्रयोग केले आणि १९६६ मध्ये प्रबंध सादर केला: चरबीयुक्त आहाराने वाढवलेलं सशांचं कोलेस्टेरॉल गुग्गुळाने उतरतं. पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने त्याचा अर्क बनवला, गुगुलिपिड. ऐंशीच्या दशकात तो बाजारात आला. लखनौ, वाराणसी, दिल्ली, जयपूर, बंगळूर आणि आपल्याकडे मुंबई नि नागपूर अशा केंद्रांवर त्याच्या चाचण्या झाल्या. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यातला मुख्य आकडा मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले: ७० ते ८० टक्के रुग्णांत कोलेस्टेरॉल सरासरी २३.६ टक्क्यांनी खाली.

हा आकडा लिहून मी खडू खाली ठेवायचे. वर्गात जरा शांतता पसरायची. तो परिणाम मला आवडायचा, कबूल करते. त्या चाचणीतले २०५ रुग्ण कुणाशी ताडून पाहिले होते, हे मी मुलांना कधी सांगितलं नाही, कारण मी ते स्वतःला विचारलं नव्हतं. ती चाचणी उघड होती. आपण काय घेतोय हे रुग्णांना ठाऊक, काय देतोय हे डॉक्टरांना ठाऊक, आणि शेजारी खोट्या गोळीवरचा गट नाही. आणखी काही रुग्णांवर झाकलेली चाचणी झाली होती, पण तिथेही तुलना क्लोफायब्रेट या दुसऱ्या औषधाशी होती, खोट्या गोळीशी नाही. ज्याला डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल जास्त आहे म्हणून सांगितलंय आणि जो दर काही आठवड्यांनी रक्त द्यायला येतोय, तो माणूस घरी तूप-भात कमी करतोच. डाएट आधीच सुरू केलं होतं, असं निबंधात म्हटलेलं आहे. पण माणसं सांगितल्याच दिवशी सुधारत नाहीत, आणि सुधारायची थांबतही नाहीत.

२००२ मध्ये माझा आनंद कळसाला पोचला. सायन्स या नियतकालिकात अमेरिकी संशोधकांनी दाखवलं की गुग्गुळातलं गुग्गुलस्टेरोन हे यकृतातल्या एका ग्राहीला, एफएक्सआरला, अडवतं. हा ग्राही म्हणजे शरीरातल्या पित्ताम्लांवर नजर ठेवणारा पहारेकरी. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं. पित्ताम्लं पुरेशी झाली की हा ग्राही उत्पादन थांबवायला सांगतो. त्याला अडवलं की यकृत कोलेस्टेरॉल खर्च करत राहील, असा तर्क. म्हणजे सुश्रुत, ससे, रुग्ण आणि आता रेणूसुद्धा! साखळी जुळली. त्या निबंधाची प्रत मी विभागाच्या सूचनाफलकावर लावली होती.

पुढच्याच वर्षी जामा या वैद्यकीय नियतकालिकात पेनसिल्व्हेनियातली चाचणी आली. कोलेस्टेरॉल जास्त असलेली १०३ माणसं, आठ आठवडे, तीन गट: नेहमीच्या मात्रेत गुगुलिपिड, दुप्पट मात्रेत गुगुलिपिड, आणि खोटी गोळी. कोण कुठल्या गटात हे कुणालाच ठाऊक नाही. खोट्या गोळीवाल्यांचं एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, पाच टक्के उतरलं. गुगुलिपिडवाल्यांचं चार-पाच टक्के वाढलं. शिवाय काही जणांच्या अंगावर पुरळ उठलं.

हा निबंध मी सूचनाफलकावर लावला नाही. वर्गात सांगितला, पण कसा? अमेरिकनांचा आहार वेगळा. त्यांची जनुकं वेगळी. आठ आठवडे कमी पडतात. अर्क कुठला वापरला कोण जाणे. हे मुद्दे अगदीच टाकाऊ नव्हते. पण ते मला सुचले ते निष्कर्ष आवडला नाही म्हणून. २३.६ टक्क्यांच्या वेळी यातला एकही सुचला नव्हता.

तरीही माझं मत त्या निबंधाने बदललं नाही. मतं अशी परदेशी निबंधांनी बदलत नसतात. माझं तरी बदललं नाही. ते बदललं आमच्याच प्रयोगशाळेतल्या उंदरांमुळे, आणि एका तोंडी परीक्षेतल्या प्रश्नामुळे.

बाहेरून आलेले परीक्षक वयाने माझ्याहून बरेच लहान, मृदू बोलणारे. माझ्या विद्यार्थिनीने सगळं व्यवस्थित मांडलं. त्यांनी आलेख पाहिला, मान डोलवली आणि विचारलं, ‘‘यकृत वाचलं, की विषच तयार झालं नाही?’’ तिने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे.

प्रश्न समजावून सांगायला हवा. पॅरासिटामॉल स्वतः यकृताला फारसं मारत नाही. यकृतातलं एक एन्झाइम, सीवायपी२ई१, त्यातल्या थोड्या भागाचं एका घातक रेणूत रूपांतर करतं. नेहमीच्या मात्रेत ग्लुटाथायोन नावाचा रक्षक त्या रेणूला निकामी करतो. मात्रा प्रचंड झाली की ग्लुटाथायोन संपतं आणि पेशी मरू लागतात. कार्बन टेट्राक्लोराइडचंही तसंच: तेच एन्झाइम त्याचं विषात रूपांतर करतं. आता, उंदराला आधी काही दिवस जो अर्क पाजलाय, त्याने जर हे एन्झाइमच दाबलं, तर विष बनणारच नाही, एसजीपीटी चढणार नाही, काप सुंदर दिसतील. आणि वनस्पतींमधली कितीतरी फ्लॅव्होनॉइड्स अशी एन्झाइमं कमी-अधिक दाबतात. चोर घरात शिरलाच नाही, आणि आम्ही तिजोरी किती मजबूत म्हणून सांगत सुटलो होतो.

परीक्षकांचा पुढचा प्रश्न आणखी सरळ होता. ‘‘मॅडम, हा अर्क माणसाला द्यायचा कधी? पॅरासिटामॉल जास्त घेण्याच्या आठवडाभर आधी?’’ सगळे हसले, मीही हसले. विषबाधा होऊन आलेल्या माणसाला रुग्णालयात नंतर औषध द्यावं लागतं, आणि तिथे वापरतात ते अ‍ॅसिटिलसिस्टीन, जे ग्लुटाथायोन भरून काढतं. आम्ही नंतर अर्क देऊन कधी पाहिलंच नव्हतं. फारसं कुणी पाहत नव्हतं, कारण नंतर दिलं की आकडे तितके देखणे येत नाहीत, हे प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. यात लबाडी नव्हती. पद्धत ठरलेली होती आणि आम्ही ती पाळत होतो. शिवाय जो अर्क यकृतातलं एन्झाइम दाबतो, तो रुग्णाच्या इतर गोळ्यांचंही गणित बिघडवू शकतो. म्हणजे आमचा ‘यकृतरक्षक’ हा धोक्याचा इशाराही असू शकत होता, आणि तशी ओळ आम्ही कुठल्याच प्रबंधात घातली नव्हती.

त्या रात्री मी वाचायला बसले आणि आमच्या नेहमीच्या मानकापासून सुरुवात केली. सिलिमारिन. भूमध्य सागराकाठच्या एका काटेरी रोपाच्या बियांतलं द्रव्य, ज्याच्याशी आम्ही आमचे सगळे अर्क ताडून पाहायचो. युरोपात विषारी अळंबी खाल्लेल्या रुग्णांना त्यातलं सिलिबिनिन शिरेवाटे देतात. त्यामागचं कारण वाचून गंमत वाटली: अळंबीचं विष ज्या दाराने यकृताच्या पेशीत शिरतं, ते दार सिलिबिनिन अडवतं. पुन्हा तेच, विष आत येऊ न देणं. तातडीच्या त्या प्रसंगात हे मोलाचंच. पण वर्षानुवर्षं सुजलेल्या यकृताचं काय? २०१२ मध्ये जामामध्येच त्याचं उत्तर आलं होतं. हिपॅटायटिस सीचे १५४ रुग्ण, इंटरफेरॉनने गुण न आलेले. त्यांना २४ आठवडे सिलिमारिन, तेही नेहमीपेक्षा जास्त मात्रेत, किंवा खोटी गोळी. ठरवलेली सुधारणा प्रत्येक गटात दोघा-दोघांतच दिसली. खोट्या गोळीच्या गटातही दोघांतच. म्हणजे ज्याच्या बरोबरीला आमचा अर्क आला म्हणून आम्ही टाळ्या वाजवायचो, ते मानकच माणसात उभं राहत नव्हतं.

तरीही आपल्या गावांमध्ये यकृताची औषधं ‘लागू पडतात’, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. कावीळ झाली की भुईआवळी वाटून ताकातून द्यायची. अमक्या गावच्या बाबांकडून माळ घालून आणायची. ती माळ वाढत जाते आणि कावीळ उतरत जाते. लहानपणी आमच्या वाड्यात कितीतरी कावीळवाले अशाने बरे झाले. आता मला वाटतं, ते बरे होणारच होते. आपल्याकडची बरीचशी साथीची कावीळ दूषित पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए आणि ई या विषाणूंची, आणि बहुतेकांची ती काही आठवड्यांत आपोआप जाते. त्या आठवड्यांत जे औषध पोटात गेलं, श्रेय त्याला. ज्यांची जात नाही, विशेषतः हिपॅटायटिस ई झालेल्या गरोदर बायका, त्यांची गोष्ट वाड्यात कुणी सांगत नसे.

भुईआवळीला मात्र मी सहज बाजूला सारू शकत नव्हते, कारण तिच्या पाठीशी फार मोठं नाव होतं. १९८८ मध्ये लॅन्सेटमध्ये मद्रासच्या थ्यागराजन आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. सहलेखकांत बरूच ब्लूमबर्ग, ज्यांना हिपॅटायटिस बीचा शोध लावल्याबद्दल १९७६ चं नोबेल मिळालं होतं. हिपॅटायटिस बीच्या वाहकांना महिनाभर भुईआवळीची भुकटी दिली. नंतर तपासलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. खोट्या औषधाच्या २३ पैकी एकाच्या. ५९ टक्के विरुद्ध ४ टक्के. इथे तर खोट्या औषधाचा गटही होता! मी उघड चाचणीची सबबही सांगू शकत नव्हते. पण नंतर थायलंडमध्ये आणि न्यूझीलंडमध्ये तसंच करून पाहिलं, तेव्हा ती जादू दिसली नाही. जात वेगळी होती का, माती वेगळी होती का, तोडणीचा हंगाम वेगळा होता का, यावर वाद झाले. शेतात पावसाळ्यात उगवणाऱ्या भुईआवळीच्या इतक्या सारख्या दिसणाऱ्या बहिणी आहेत की वनस्पतिशास्त्रज्ञही गोंधळतात, हे खरं. पण मग पुढचा प्रश्न येतो: बाजारातल्या पुडीत यातली कुठली बहीण आहे? त्याचं उत्तर नसेल, तर मद्रासचा निबंध खरा असूनही माझ्या हातातल्या पुडीला त्याचा काही उपयोग नाही.

माझा मामेभाऊ वैद्य आहे, साताऱ्याकडे त्याचा दवाखाना आहे. मी हे सगळं त्याला फोनवर सांगितलं, जरा विजयी सुरात. तो शांतपणे म्हणाला, ‘‘ताई, तू ज्याला अर्क म्हणतेस ते आमच्यात कधी कुणी दिलं होतं? गुग्गुळ आम्ही त्रिफळ्याच्या काढ्यात शुद्ध करतो. तुझ्या लोकांनी तो इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये उकळला, त्यातलं हवं ते काढलं, आणि फसला की आयुर्वेद फसला म्हणता.’’

मी चिडले. पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं की माझ्या सगळ्या विचारांत जी गाठ सुटत नव्हती, ती त्याने सोडवली होती. फक्त त्याला वाटलं होतं त्या बाजूने नव्हे. त्याचं म्हणणं बरोबरच होतं. हळदीची चिमूट आमटीत पडते, ती वस्तू वेगळी, आणि ९५ टक्के कुरकुमिनची कॅप्सूल ही वस्तू वेगळी. इथॅनॉल किंवा इथाइल अ‍ॅसिटेटने काढलेला, शंभर पट घट्ट केलेला अर्क हे नवं औषध आहे. मग त्याला ‘हजारो वर्षांची परंपरा’ हा दाखला चालणार नाही. परंपरेने तो पाहिलेलाच नाही. तो पारखला जायला हवा नव्या औषधासारखा, आणि त्याचे धोकेही नव्या औषधासारखेच मोजायला हवेत. बाटलीवर मात्र दोन्ही एकदम लिहिलेलं असतं: प्राचीन, आणि संशोधनाने सिद्ध. सरकारनेही २०१५ मध्ये ‘फायटोफार्मास्युटिकल’ असा वेगळा वर्ग काढला: शुद्ध, प्रमाणित अर्क, त्यात किमान चार घटकांची ओळख आणि मोजमाप, आणि नव्या औषधासारख्या चाचण्या. मला ही वाट पटते. त्या वाटेने जाणारे फार नाहीत, कारण दुसरी वाट सोपी आहे.

हळदीचंच पाहा. कुरकुमिन तोंडाने घेतलं तर रक्तात जेमतेम पोचतं. यकृत आणि आतडं त्याला लगेच बाहेरची वाट दाखवतात. १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी दाखवलं की सोबत काळ्या मिरीतलं पायपरीन दिलं की माणसाच्या रक्तातलं कुरकुमिन २००० टक्क्यांनी वाढतं. हा आकडाही मी फळ्यावर लिहिलाय, भारतीय बुद्धीचा विजय म्हणून. तेव्हा मनात आलं नाही की यकृत एखादी गोष्ट इतक्या घाईने बाहेर टाकत असेल, तर ती घाई मोडून काढण्याआधी दोनदा विचार करावा. गेल्या काही वर्षांत इटलीतून आणि अमेरिकेतून हळदीच्या गोळ्यांनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी येत आहेत. अमेरिकेतल्या १० रुग्णांच्या मालिकेत काहींच्या गोळ्यांत काळी मिरी होती, आणि १० पैकी ७ जणांत एचएलए-बी*३५:०१ हा विशिष्ट जनुकप्रकार सापडला. ग्रीन टीच्या अर्काने यकृत बिघडलेल्या रुग्णांतही तोच प्रकार जास्त दिसतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं की ग्रीन टीतलं ईजीसीजी हे द्रव्य पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त घेतलं, तर यकृताची एन्झाइमं चढू लागतात. कपातल्या चहाबद्दल त्यांची तशी तक्रार नाही. ज्या यकृतासाठी गोळी घेतली, तेच दुखावलं, हे वाचून मला प्रथम हसू आलं आणि मग ते पार मावळलं.

कारण तोवर गुळवेल झाली होती. २०२० मध्ये आमच्या सोसायटीत प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून कडुनिंबावर चढलेली गुळवेल तोडून रोज काढा होत असे. शेजारी मला विचारायचे, तुम्ही औषधशास्त्रातल्या, घेऊ ना? मी म्हणायचे, खुशाल घ्या. फायदा झाला नाही तरी अपाय नाही. हे वाक्य मी आयुष्यभर वनौषधींबद्दल म्हणत आले होते. मतभेद झाला तर तो फायद्याबद्दल, अपायाचा प्रश्नच नाही. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांचा निबंध प्रसिद्ध केला. सगळ्यांना कावीळ, सगळ्यांच्या घेण्यात गुळवेल, आणि काहींच्या यकृताच्या तुकड्यात ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं चित्र, म्हणजे शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच यकृतावर उलटलेली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला: झाडाची ओळख नीट पटवलेली नाही, सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीची शक्यता आहे. पुढच्याच वर्षी देशातल्या १३ केंद्रांमधल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला, चित्र साधारण तेच.

यावर वाद चालू आहे आणि चालू राहावा. लाखो लोकांनी गुळवेल घेतली आणि बहुतेकांना काही झालं नाही, हे माझा भाऊ सांगतो ते खरं आहे. पण प्रतिकारशक्ती खरंच वाढत असेल, तर ज्याची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःवर उलटायला टेकलेली आहे, त्याचं काय होईल, हा प्रश्न शाळकरी मुलालाही सुचावा. मला सुचला नाही. शेजाऱ्यांपैकी कुणाला काही झालं नाही, हे त्यांचं नशीब. माझं ते वाक्य त्यानंतर मी वापरलेलं नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल, बाई पार पलीकडे गेल्या. गेले नाही. कोलेस्टेरॉलच्या बाबतीत तर एका वनस्पतीबद्दल माझं मत चांगलंच वर गेलंय, आणि ती म्हणजे ईसबगोल. पोट साफ होत नाही म्हणून आजोबा रात्री दुधातून घ्यायचे तो भुसा. याच्यावर प्रबंध करा म्हटलं तर एकही विद्यार्थी तयार होत नसे. यात अर्क नाही, फ्लॅव्होनॉइड नाही, रंग बदलणारी परीक्षानळी नाही. पण अमेरिकेच्या एफडीएने १९९८ मध्येच त्याच्या पाकिटावर हृदयविकाराचा धोका कमी होण्याबद्दल दावा छापायला परवानगी दिली, दिवसाला सात ग्रॅम विद्राव्य तंतू या मात्रेला. तो आतड्यात फुगतो, पित्ताम्लांना धरतो आणि बाहेर घेऊन जातो. मग यकृताला नवी पित्ताम्लं बनवायला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घ्यावं लागतं. एलडीएल पाच-दहा टक्के उतरतं. फार नाही, पण वारंवार, वेगवेगळ्या देशांत, झाकलेल्या चाचण्यांत. गुग्गुळाबद्दल आम्ही जी रेणवीय कथा रंगवून सांगत होतो, साधारण तीच वाट हा भुसा कुठल्याही ग्राहीला न छेडता चालतो.

आणि लाल खमिराचा तांदूळ. चीनमध्ये जुन्या काळापासून वापरात असलेला. यात कोलेस्टेरॉल उतरवणारं द्रव्य खरोखर आहे, मोनाकोलिन के. जपानच्या अकिरा एन्डो यांनी ते १९७९ मध्ये लाल बुरशीतून वेगळं केलं. ते म्हणजेच लोव्हास्टॅटिन, १९८७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं पहिलं स्टॅटिन. ‘‘मला स्टॅटिन नको, नैसर्गिक काहीतरी द्या’’ म्हणणारा माणूस हा तांदूळ घेतो, तेव्हा तो स्टॅटिनच घेत असतो, फक्त किती घेतोय हे त्याला माहीत नसतं. आणि सोबत आणखी काय घेतोय, हेही नाही: २०२४ मध्ये जपानमध्ये कोलेस्टेरॉलसाठीच्या अशाच गोळ्यांत दुसऱ्याच बुरशीचं विष शिरलं आणि लोकांची मूत्रपिंडं निकामी झाली, काही मृत्यूही नोंदले गेले.

माझं स्वतःचं एलडीएल निवृत्तीनंतर वाढलं. सोनोग्राफीच्या कागदावर ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ हेही आलं, जे आजकाल प्रत्येकाच्याच येतं. डॉक्टरांनी रोसुव्हास्टॅटिन लिहून दिलं. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि आठवडाभर तो काढला नाही. इतकं सगळं वाचलेली बाई, तरी मनात कुठेतरी लसूण, मेथी, दालचिनी फिरत होती. मग २०२२ ची ती क्लीव्हलँडची चाचणी पुन्हा काढून वाचली. १९० माणसं, २८ दिवस, आठ गट: एका गटाला रोसुव्हास्टॅटिन फक्त पाच मिलिग्रॅम, एकाला खोटी गोळी, आणि बाकीच्यांना माशाचं तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पती स्टेरॉल, लाल खमिराचा तांदूळ. रोसुव्हास्टॅटिनने एलडीएल जवळजवळ ३८ टक्के उतरलं. बाकी एकाचीही घट खोट्या गोळीपेक्षा ठळकपणे जास्त नव्हती. लसणाच्या गटाचं तर थोडं वाढलं. २८ दिवस हा काळ कमी आहे, अशी टीका झाली, आणि गोळ्या बनवणाऱ्यांनी ती मोठ्याने केली. गुगुलिपिडचे आठ आठवडेही कमी पडतात, असं म्हणणारी एक बाई मला आठवली.

तर मी स्टॅटिन घेते, रात्री ईसबगोल घेते, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवते, आणि यकृतासाठी वजन उतरवायच्या मागे आहे. सात ते दहा टक्के वजन उतरलं तर यकृताची चरबी आणि सूज कमी होते, याला चांगला पुरावा आहे. ते काही बाटलीतून मिळत नाही, आणि मलाही अजून मिळालेलं नाही.

महाविद्यालयात मी अजून अधूनमधून जाते. नवी मुलं वनस्पती घेऊन येतात. मी सांगते, अर्क विषाच्या नंतर दे, आधी नको, एन्झाइम मोज, उत्तर नाही आलं तर ‘नाही’ म्हणून छाप. बहुतेक जण नम्रपणे मान हलवतात आणि दुसऱ्या मार्गदर्शकाकडे जातात. त्यांना मी दोष देत नाही. नोकरी त्यांनाही हवीच आहे.

भावाशी भांडण मिटलेलं नाही. त्याचं म्हणणं, मी परंपरेकडून पुरावा मागते आणि बाजाराला माफ करते. माझं म्हणणं, तो बाजाराला शिव्या देतो आणि त्याच बाजारातली गुळवेल घनवटी लिहून देतो. गेल्या दिवाळीला तो म्हणाला, ‘‘ताई, आता वटी सुरू करण्याआधी आणि नंतर मी प्रत्येकाची एसजीपीटी करून घेतो.’’ मी आकडे मागितले. तो म्हणाला, ‘‘पुरेसे जमू देत. तू पन्नासावर निष्कर्ष काढशील आणि मग मला ऐकवशील.’’ हे तो माझ्याकडूनच शिकलाय, म्हणून मला गप्प बसावं लागलं.